पिवर मैदा

आर्याचं वजन पुन्हा घटलं होतं. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. बालरोगतज्ज्ञ डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, डाएटमध्ये काही चूक सापडते का बघा. नाहीतर परत बेशुद्ध करून पोटात दुर्बीण घालावी लागेल."

मी नगरच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ. माझा स्वतःचा घेर बघून पेशंट आधी जरा घुटमळतात, ते असो. आर्याला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातल्या चिकट प्रथिनाला, म्हणजे ग्लूटेनला, तिचं आतडं सोसत नाही. उपाय एकच, गहू बंद.

"बंदच हाय की!" तिची आई सविता पारनेरकडची. पोरीला मांडीवर घट्ट धरून बसलेली. "घरात गव्हाचा दाना न्हाई. आमी समदीच बाजरी खातो."

"सकाळी दुधाबरोबर?"

"खारी. तेवढीच पोटभर खाती. पर बेकरीवाल्याला इचारून घेतलंय, गहू न्हाई ना? तो म्हनला, न्हाई वैनी, पिवर मैदा."

मी पेन खाली ठेवलं.

"सविता, मैदा गव्हाचाच असतो. कोंडा काढून बारीक दळलेला गहू."

"मैदा येगळा न्हाई व्हय?" ती आर्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "म्हंजे मीच चारत हुते."

मी पेन परत उचललं आणि कागदावर खारीपुढे फुली मारली.

रात्री जेवताना शब्दकोश उघडला. मैदा फारसीतून आला. अर्थ बारीक पीठ. ज्वारीचं पीठ म्हटलं की ज्वारी दिसते. मैद्याच्या नावात गहू कुठेच नाही. सविताने शब्द ऐकला तसाच धरला होता. मी हे घरात मोठ्या थाटात सांगितलं. नवरा म्हणाला, "बरं. आमटी वाढ."

दुसऱ्या दिवशी सविताला फोन करून तेच सांगितलं. ती म्हणाली, "मग शेवयाबी?"

"शेवयाही."

खारी सुटताना आर्याने घर डोक्यावर घेतलं. पण पोट उतरलं, वजनाचा काटा हळूहळू सरकला. डॉक्टरांनी दुर्बीण रद्द केली.

गहू बंद म्हटलं की फक्त चपाती बंद होते. रवा, मैदा, शेवया, टोस्ट, प्रत्येकाला नाव घेऊन बंद करावं लागतं.