ओव्याची बरणी

महाराजांच्या कारकिर्दीत आमच्या पेठेत घरटी एक पैलवान होता, आणि पैलवान म्हटला की पोटाच्या तक्रारी आल्याच. माझा धाकटा भाऊ दिवसभर दूध, तूप, बदामाची थंडाई रिचवायचा आणि संध्याकाळी फुगलेलं पोट घेऊन माझ्यासमोर बसायचा. आमच्या वडलांचं, आबांचं, काष्ठौषधींचं दुकान होतं. विधवा होऊन मी माहेरी आले, तेव्हा त्यांनी खलबत्ता माझ्यापुढं सरकवला होता. भाजलेला ओवा, सैंधव, चिमूटभर हिंग कुटून मी त्याला कोमट पाण्याबरोबर द्यायची. घटकाभरात तो असा ढेकर द्यायचा की गल्लीतली कुत्री उठावीत.

"झालं की, आक्का!"

माझ्या हाताला गुण आहे असं बायका म्हणायच्या, आणि मला मेलीला ते खरं वाटायचं.

त्या वर्षी महाराजांसमोरच्या कुस्तीला चार दिवस उरले असताना त्याचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं. ढेकर येईना, वारा सरेना.

"वस्तादांस्नी सांगू नगंस," तो म्हणाला. "पोट बिघडल्यालं कळलं तर माझी ठरल्याली कुस्तीची जोड काढून घेतील. तुझ्या औषधानं उतरंल की."

आजारी गड्याला कुस्तीतून काढायचं, हा तालमीचा रिवाजच होता. मी कुणालाच बोलले नाही, आबांनाही नाही. तीन दिवस गुण येईना तसा ओवा वाढवत गेले. बरणी रिकामी होत आलेली पाहून आबांनी विचारलं, "एवढा ववा कुणाला गं?"

"शेजारच्या काकूस्नी. पोट धरलंय त्यांचं."

खोटं बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो हिरवं ओकला आणि अंथरुणातच वाकडा झाला. आबांनी धावत जाऊन आणलेल्या वैद्यांनी पोटाला हात लावला. "आतडं पिळवटलंय. पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं न्हाय व्हय?"

"मीच कुणाला कळू दिलं न्हाय," भाऊ डोळे मिटून म्हणाला. तिन्हीसांजेच्या आत तो गेला. मला वाचवून गेला, हे आजही मला सोसत नाही.

तेराव्यानंतर आबा दुकानात बसले. पहिलंच गिऱ्हाईक ओव्याचं आलं. पुडी बांधताना मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "शेजारच्या काकूंचं पोट आता कसं हाय गं?"

"बरं हाय," मी म्हणाले.

त्यांनी दोरा तोडला. त्या दिवसानंतर त्यांनी मला खलबत्त्याला हात लावू दिला नाही, आणि का म्हणून मीही कधी विचारलं नाही.