मिनिटवाले काका

ताई नक्की काय करते, हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. कुणी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "ती कॉम्प्युटरवर असते," आणि विषय तिथेच मिटवायच्या. नवऱ्याचं बरं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेली लिफ्ट चालू झाली की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. नणंदेने मात्र एकदा सरळच विचारलं, "म्हणजे तू लिहितेस ते फुकट वाचता येतं, तरी लोक दर महिन्याला पैसे पाठवतात? ते कशाबद्दल गं?" ताई चहा ठेवायला उठली. काय सांगणार? हा प्रश्न नणंदेच्या कितीतरी आधी तिला स्वतःलाच पडला होता.

झालं होतं असं की ज्या वर्तमानपत्रात ती पुरवणीचं काम बघायची ते एक दिवस बंद पडलं. बाकीचे लोक कुठे कुठे चिकटले. ताईने घरीच, खिडकीपाशी टेबल ओढून, दर गुरुवारी सकाळी ओळखीपाळखीच्या लोकांना ईमेलने एक पत्र पाठवायला सुरुवात केली. पत्रात काय, तर आपल्याच रस्त्यावरची माणसं. गिऱ्हाइकाकडे नुसतं एकदा बघून कापड कापणारा शिंपी, घटस्फोट झालेल्या घरांची कुलपं बदलून देणारा कुलूपवाला, दवाखान्याच्या दारात बसून डॉक्टरांपेक्षा जास्त सल्ले देणारी बाई. ओळखीच्यांनी पुढच्यांना पाठवलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. कुणीतरी लिहिलं, "ताई, तुम्ही पैसे का घेत नाही?" मग ताईने पत्राच्या तळाशी लाजत लाजत एक ओळ टाकली, की ज्यांना जमेल त्यांनी हातभार लावावा. आणि काय आश्चर्य, लोक लावायला लागले! घर त्याच्यावर चाललं असं म्हणता येणार नाही, पण घराला टेकू मिळाला एवढं खरं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. डोकेदुखी सुरू झाली ती मागच्या पानामुळे. वाचकांना न दिसणारं असं एक पान ताईला दिसायचं. पत्र कुणी उघडलं, किती वाजता उघडलं, या आठवड्यात नवीन कोण आलं, कोण सोडून गेलं, सगळं त्यात. पूर्वीच्या लेखकांचं नशीब चांगलं म्हणायचं. आपलं लिहिलेलं न वाचता कोण झोपी गेलं, हे त्यांना बिचाऱ्यांना कधी कळलंच नाही. ताईला सगळं कळायचं आणि त्यातून काहीही कळायचं नाही. कुलूपवाल्यावर तिने महिनाभर मेहनत घेतली, त्याच्याबरोबर चार घरं हिंडली, रडून रडून लिहिलं. त्या आठवड्यात चांगले जुने वाचक सोडून गेले. पुढच्या आठवड्यात ताप आला होता म्हणून सासूबाई आणि वॉशिंग मशीन यांच्या भांडणावर काहीतरी खरडून पाठवलं, तर नव्या वाचकांची रांग लागली. ताईने डोक्याला हात लावला. मग तिने मुद्दाम तसंच हलकंफुलकं लिहून पाहिलं. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. आता बोला!

या सगळ्या गोंधळात एकच माणूस भरवशाचा होता. गुरुवारी सकाळी आठला पत्र सुटलं की मिनिटभराच्या आत तो उघडायचा. पाऊस असो, थंडी असो, लेख बरा असो नाहीतर भिकार. पहिल्यापासूनचा वाचक, हातभारही पहिल्यापासूनचा, एकही महिना न चुकता. त्याने कधी उत्तर म्हणून एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण नाव आडनाव जुन्या वळणाचं, त्यावरून ताईने ठरवून टाकलं की हे कुणी वयस्कर गृहस्थ असणार. घरात त्यांचं नाव पडलं मिनिटवाले काका. गुरुवारी नवरा पिशवी खांद्याला लावून निघताना दारातून विचारायचा, "उघडलं का तुझ्या काकांनी?" ताई म्हणायची, "केव्हाच!" आणि तेवढ्यावर तिचा आठवडा निभायचा. लिहिताना कुठे अडलं की ती मनातल्या मनात काकांना विचारायची, काका, हे ठेवू की काढू? काका सहसा ठेव म्हणायचे.

आणि मग साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे तिच्या बंद पडलेल्या वर्तमानपत्रातले वरिष्ठ. त्यांनी आता कंपनी काढली होती. मिक्सर कसा लावायचा, इस्त्री कशी धरायची, असली माहितीपत्रकं लिहून द्यायची. "तुझ्यासारखं सोपं लिहिणारं माणूस मिळत नाही गं," साहेब म्हणाले. पगार ठरलेला, दवाखान्याचा खर्च कंपनीचा. फक्त एक अट होती. स्वतःचं असं बाहेर काही लिहायचं नाही, गुरुवारचं पत्र बंद. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांग. माझ्याकडे दुसरी एक मुलगी तयार आहे."

नवरा म्हणाला, "तुला वाटेल ते कर." म्हणजे त्याचं मत काय होतं ते कळलंच. सासूबाईंचे गुडघे त्या महिन्यात पार गेले होते आणि ठरलेला पगार हे शब्द घरात एकदा उच्चारले गेले की ते परत घेता येत नाहीत. ताईचा जीव टांगणीला लागला. नोकरी घ्यावी तर पत्र गेलं. पत्र ठेवावं तर कुणासाठी ठेवायचं हेच माहीत नाही. शेवटी तिने त्या गुरुवारी वाचकांनाच विचारलं. सरळ लिहिलं, असं असं आहे, मी काय करू?

लोकांनी भरभरून उत्तरं दिली आणि ताईची उरलीसुरली अक्कलही गेली. एक म्हणे, तुमच्याशिवाय गुरुवार नाही, मात्र थोडं लहान लिहा. दुसरी म्हणे, हल्ली फार लहान लिहिता. एक जण दोन वर्षं पैसे देत होता, त्याने कबूल केलं की वेळच मिळत नाही, सगळी पत्रं निवृत्त झाल्यावर वाचायला राखून ठेवली आहेत. एका बाईंनी विचारलं होतं की इस्त्रीचं माहितीपत्रक तुम्हीच लिहिणार असाल तर कुठल्या कंपनीची घेऊ? चिडावं की हसावं! आणि काका? काकांनी पत्र मिनिटाच्या आत उघडलं होतं. उत्तर काही नाही.

शुक्रवारी दुपारी ताईच्या मनाने घेतलं की काकांना फोन करायचा. हे असं करू नये, हे तिला कळत होतं. पैसे पाठवताना लोक नंबर देतात तो काही लेखकाने फोन करावा म्हणून देत नाहीत. पण संध्याकाळपर्यंत साहेबांना कळवायचं होतं आणि बाकी सगळ्या जगाचं मत घेऊन झालं होतं. तिने टेबल आवरलं, पाणी प्यायलं, उगाचच केस सारखे केले आणि नंबर लावला.

फोन एका तरुण माणसाने उचलला. ताईने आपलं नाव सांगितलं, काकांचं नाव घेतलं आणि म्हणाली, "जरा त्यांच्याशी बोलायचं होतं."

"बाबा गेले," तो म्हणाला. "वर्ष होत आलं."

ताईला वाटलं आपण चुकीचा नंबर लावला. "अहो पण काल सकाळी तर त्यांनी..." एवढं बोलली आणि थांबली. काल सकाळी त्यांनी काय केलं, हे सांगायची सोय नव्हती.

"तुम्ही म्हणजे त्या गुरुवारवाल्या ना?" मुलाच्या आवाजात एकदम सुटका झाल्यासारखी खुशी आली. "बरं झालं हो तुम्हीच फोन केलात! ते पैसे आपोआप जातात, ते थांबवायचे कसे तेच मला सापडत नव्हतं. आणि मला हा नंबरही आता बंदच करायचाय. सांगता का जरा?"

घ्या. ज्या माणसाच्या भरवशावर नोकरी नाकारायची तो वर्षभरापूर्वीच गेलेला, आणि त्याचा हातभार थांबवायचा कसा हे सांगायला लेखिका स्वतः हजर! ताईने सांगितलं. कुठलं पान उघडायचं, खाली कुठे सरकायचं, कुठलं बटण दाबायचं. मुलाला त्याच्या कॉम्प्युटरवर बटण दिसेना. "करड्या रंगाचं आहे बघा, डावीकडे," ताई म्हणाली. मग न राहवून तिने विचारलं, "पण मग पत्र उघडतं कोण? दर गुरुवारी, लगेच?"

"उघडतं? थांबा हं. आई, अगं बाबांच्या फोनवरचं ते गुरुवारचं तू उघडतेस का?"

फोन काकूंच्या हातात गेला. "मी उघडते," काकू अपराध्यासारख्या म्हणाल्या. "वाचत नाही हं. माझे डोळे तेवढे चालत नाहीत. पण गुरुवारी तो फोन वाजतो आणि वर लाल टिपका येतो. तो टिपका तसाच राहिला की मला वाटतं यांना कुणीतरी हाक मारतंय आणि हे ओ देत नाहीत. म्हणून मी लगेच दाबून टाकते. काही चुकलं का माझं?"

"नाही हो काकू," ताई म्हणाली. "काही नाही चुकलं."

"यांचं आणि तुझं फार वाजायचं," काकू म्हणाल्या.

"माझं? त्यांनी तर मला कधी एक ओळ लिहिली नाही!"

"लिहितील कशाला? मला ऐकवायचे ना! गुरुवारी चहा घेऊन बसले की सुरू. मोठ्याने वाचायचे आणि मध्येच थांबून ओरडायचे. या बाईला थांबायचं कळत नाही! हा शिंपी असा बोलेल का कधी! मी म्हणायची, अहो, एवढं आवडत नाही तर पैसे कशाला देता? तर मलाच म्हणायचे, तुला काही कळत नाही, मला भांडायला कुणीतरी पाहिजे." काकू हसल्या आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. "दवाखान्यातसुद्धा वाचायचे गं. ते कुलूपवाल्याचं शेवटचं. त्याच्यावर काही बोललेच नाहीत. मी विचारलं, आज भांडण नाही का? तर म्हणाले, आज ती बरोबर आहे."

ताईने खिडकीच्या कडेला हात टेकला. कुलूपवाला! त्या आठवड्याचं मागचं पान तिला पाठ होतं. किती गेले, केव्हा गेले. या एका वाक्याची त्या पानावर कुठेही नोंद नव्हती. मग एवढी वर्षं ती रोज बघत होती ते तरी काय होतं? आणि आपण कुणासाठी लिहीत होतो? मनातल्या मनात ठेव म्हणणारे काका, की चहा घेऊन ओरडणारे हे खरे काका? तिला काहीही सुधरेना. हसू येत होतं, रडू येत होतं, आणि कधी न पाहिलेल्या माणसाचा मेल्यानंतर वर्षभराने राग येत होता, की एकदा तरी माझ्याशी येऊन भांडायचं होतंत ना!

"झालं बंद," मागून मुलाचा आवाज आला. "पैसे थांबले. पत्रही येणार नाही आता."

"म्हणजे आता गुरुवारी काही वाजायचं नाही," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कालच्यात काय लिहिलं होतंस गं? मी नुसतंच दाबलं."

कालच्यात ताईने विचारलं होतं की लिहिणं सोडू का. ते काही तिच्या तोंडून निघेना. तिने संगणकावर जुनं शिंप्याचं पत्र काढलं आणि फोन कानाशी धरून वाचायला लागली. अर्ध्यावर आली तेव्हा काकूंनी अडवलं. "हे लांबलं बघ. हे इथेच ओरडले असते."

ताईने ते वाक्य पुन्हा वाचलं. खरंच लांबलं होतं. "मग काय करायचं होतं?" तिने विचारलं.

"ते मला काय माहीत? वाच पुढे."

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा ताई टेबलापाशीच बसली होती. दिवा लावलेला नव्हता. त्याने पिशवी खाली ठेवली आणि जरा घाबरतच विचारलं, "साहेबांना काय कळवलंस?"

"नाही म्हणून."

तो चेहरा उजळून म्हणाला, "म्हणजे लोकांनी सांगितलं वाटतं, सोडू नका म्हणून? वाढले का वाचक?"

"नाही," ताई म्हणाली. "एक कमी झाला."

"मग?" नवरा म्हणाला. "मग साहेबांना नकार का दिलास?"

"मला नाही माहीत," ताई म्हणाली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला एकदम फुटलं.