भुपेंद्रचा हलता हात

आसगावचा भुपेंद्र गेली तीस वर्षं आमच्या भागातल्या लग्नांचं शूटिंग करतो. करत होता, असं लिहायला हवं. चार वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात कापू लागला आणि लोक ड्रोनवाल्यांकडे गेले. डॉक्टरांच्या गोळीने दोन तास कंप कमी होतो, एवढंच.

मग नागपूरहून धनंजय आला. तो मोबाइलवर पाहायचे भयपट काढतो. एका सिनेमात चार छोट्या गोष्टी, सोंग मात्र एकच: कुणाचा तरी कॅमेरा सापडला, माणूस सापडला नाही, आणि कॅमेऱ्यात राहिलेलं आपण पाहतो आहोत. त्याला घाबरलेल्या माणसाचा हात हवा होता. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठी, लोक सोडून गेलेल्या घरांतून भुपेंद्र कॅमेरा घेऊन नुसता चालला. सिनेमा लोकांना आवडला, दुसरा भागही निघाला. शूटिंगच्या दिवशी धनंजयचं एकच सांगणं असे, "काका, आज गोळी नका घेऊ."

"बाई, सारी उमर हात हलू नाही देला," भुपेंद्र माझ्या ओसरीवर बसून म्हणाला, "अन् आता हलते म्हनून काम भेटून राहिलं." गोळी चुकवलेल्या दिवशी त्याला शर्टाची बटणंही लावता येत नसत.

यंदा मे महिन्यात त्याच्या शुभांगीचं लग्न ठरलं. त्याचं शूटिंग आपल्याच हाताने व्हावं, याखेरीज त्याला काही नको होतं. त्याची बायको आनंदाबाई ऐकेना.

"लेकीच्या लग्नातबी भूतच काढता का? ड्रोनवाल्याले सांगा."

"माही पोरगी हाये. मीच काढीन."

लग्न अकराचं. त्याने दहाला गोळी घेतली. वरात आली साडेबाराला, आणि त्या गर्दीत कॅमेऱ्याच्या स्टँडचा पाय मोडला. मी मागच्या रांगेत होते. आमचे हे गेल्यापासून लग्नात मी तिथेच बसते. भुपेंद्र घामाघूम होऊन आला.

"बाई, तुमचा खांदा पाहिजे. पुढं चला."

"मी? नवरीसमोर?"

"बाकीचे सारे नाचून राहिले. तुमी हलत नाही."

मी गेले. दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्याने कॅमेरा माझ्या खांद्यावर टेकवला. त्याच्या हाताचा कंप माझ्या हाडांत उतरत होता. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी श्वासही बेताने घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघांनी ते पाहिलं. चित्र स्थिर होतं. फक्त अंतरपाट खाली आला, तिथे एकदा जोरात हललं.

"हे हाताचं नाही, बापाचं हाये," भुपेंद्र म्हणाला. आनंदाबाईने ती जागा पुन्हा लावायला सांगितली.

तेवढ्यात धनंजयचा फोन आला. तिसरा भाग, उद्या सोमवारपासून दोन दिवस, आणि तेच सांगणं.

"येतो," भुपेंद्र म्हणाला. फोन ठेवून त्याने खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि बायकोच्या हाती दिलं.

"मंगळवारपर्यंत तुह्यापाशी ठेव."