समोरच्या दारातली वचनं

शहाडपासून कळव्यापर्यंतच्या टापूत आमच्या समोरच्या दारातल्या गृहस्थांइतका पाठांतराने झपाटलेला माणूस शोधून सापडणार नाही, आणि त्यापायी इतकी थट्टा झालेलाही. त्या थट्टेत पुढाकार माझाच असे. म्हणूनच आमच्या बिल्डिंगमध्ये हल्ली ‘म्हातारा भ्रमिष्ट झाला’ असं जे बोललं जातं, ते साफ खोटं आहे, हे मलाच ठणकावून सांगायला हवं.

मोहने गावच्या कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो, निवृत्तीनंतर शेजारीही झालो. बायबलमधली वचनं त्यांच्या आईने भाकऱ्या थापता थापता पाठ करून घेतलेली. वचन चुकलं की भाकरी धाकट्या भावाच्या ताटात! त्यामुळे वचन आणि भूक त्यांच्या पोटात एकाच जागी नांदत. लिफ्ट बंद पडली की डोंगराकडे डोळे लावण्याचं स्तोत्र म्हणत ते जिना चढायचे. टँकर आला नाही की खडकातून पाणी निघाल्याचा उतारा सेक्रेटरीला ऐकवायचे. “अहो, खडक नको, प्लंबर सुचवा!” असं तो बिचारा ओरडायचा. संध्याकाळी त्यांच्या घरी वचन म्हटल्याशिवाय कुणाला चहा नसे. मग तो चर्चचा पाळक असो की विजेचं मीटर बघायला आलेला पोरगा. माझ्या नातवंडांनी सगळ्यात छोटं वचन हुडकून काढलं. येशू रडला, एवढंच. रोज तेच म्हणून बिस्किटं लाटायची. शेवटी ते म्हणाले, “पोरांनो, त्याला रोज किती रडवाल रे?”

मी त्यांना टेपरेकॉर्डर म्हणायचो. “कधीतरी स्वतःचं बोला की!” म्हटलं तर हसून उत्तर यायचं, “भाऊ, स्वतःचं ऐनवेळी दगा देतं. पाठ केलेलं धावून येतं.”

मागच्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. पाणी, भात, मुलाचं नाव, काही जिभेवर येईना. यायची ती फक्त वचनं. अख्खी, स्वच्छ, एकही शब्द न गाळता, वेळीअवेळी. मुलगा थकून गेला. “काका, पप्पांना आता काही कळत नाही. टिटवाळ्याकडे एक वृद्धाश्रम बघून आलोय.” यावर मी काय करावं? मान डोलावली! वर म्हणालो, “टेप अडकलीय रे.” आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

न्यायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेलो. ओढ्याच्या पाण्यासाठी धापा टाकणाऱ्या हरणाचं स्तोत्र चाललं होतं. पुन्हा पुन्हा, आवाज चढवून. सून कपाळाला हात लावून बसलेली. मी ऐकत राहिलो आणि एकदम उठून माठातलं पाणी त्यांच्या ओठांना लावलं. पेला घटाघटा संपला. स्तोत्र थांबलं.

मी मुलाला हाक मारली. “अरे, तहान लागली होती माणसाला! तुझा बाप बोलतोय, बहिरे आपण आहोत!” तो काही म्हणणार, तेवढ्यात रानात आकाशातून भाकर पडल्याचा उतारा सुरू झाला. सुनेने मऊ भात कालवून आणला. पहिल्या घासाला उताराही थांबला. मुलगा बापाच्या पायाशी बसला तो उठेचना. वृद्धाश्रमाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

तरीही खालच्या बाकावरचे शहाणे म्हणतात, भ्रमिष्ट! अरे, उद्या तुमची वाचा गेली तर जिभेवर काय उरेल? मेंटेनन्सची भांडणं? माझ्या तरी काय उरणार होतं? म्हणून रोज दुपारी मी समोर जाऊन बसतो. “या वयात धर्म बदलताय की काय?” बायको विचारते.

“अगं, पाणी मागायला शिकतोय.”

हरणाचं स्तोत्र अजून नीट येत नाही. शब्द गाळला की ते डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर हलकेच थापटतात. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.