पातीतली वाळू

त्या हिवाळ्यात माझी प्रार्थना कुणी ऐकत नाही, असं मला वाटू लागलं होतं. आम्ही बेने इस्राएल, अलिबागकडचे ज्यू. वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. मुलगा जर्मनीत ब्राउनश्वाइगला इंजिनियर आहे. त्याच्याकडे राहायला म्हणून आम्ही दोघं गेलो आणि तिथे ह्यांना न्युमोनिया झाला. हॉस्पिटलातून घरी आणलं, ताप गेला, पण ह्यांची अन्नावरची वासनाच उडाली. पेज केली, सार केलं, मुलाने लांबून शोधून बोंबील आणले. हे ताट सरकवायचे आणि म्हणायचे, "मला घरी ने." डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद येईपर्यंत विमानात बसवायचं नाही. घरी जायचं नाही म्हणून हे जेवत नव्हते आणि जेवत नाहीत म्हणून घरी जाता येत नव्हतं. दिवसेंदिवस माणूस अंथरुणात विरघळत चालला होता. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावून मी आशीर्वादाचा, मनुकांच्या सरबताचा पेला पुढे धरला, तर ह्यांनी त्यालाही ओठ लावले नाहीत. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

आमच्यात अडलं की एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलियाहू प्रेषिताला, मलिदा बोलतात, गूळखोबऱ्याचे गोड पोहे. तो अनोळखी माणसाच्या रूपाने येतो, असं माझी आई सांगायची. मीही नवस बोलले. पण मन साथ देईना. तो ज्या रथातून स्वर्गात गेला त्याची खूण आमच्या मुलखात खडकावर दाखवतात. तो एवढ्या बर्फात, ह्या परक्या गावात, तिसऱ्या मजल्यावर कसा पोचणार? खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडतच होते.

एका सकाळी मुलगा-सून कामावर गेल्यावर बेल वाजली. मला भाषा येत नाही, म्हणून मी एरवी दार उघडायची नाही. त्या दिवशी का उघडलं, कोण जाणे. खालच्या मजल्यावरची म्हातारी उभी होती, लोकरीची टोपी, हात मातीने भरलेले. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं आणि बोट आमच्या खोलीकडे केलं. ह्यांचा खोकला छतातून तिला ऐकू जात असणार. मग कांद्याच्या पातीसारख्या, पण मनगटाएवढ्या जाड दांड्यांच्या जुड्या माझ्या हातात देऊन "सुप्पे, सुप्पे," म्हणत ती जिना उतरून गेली. मला धड हसताही आलं नाही.

सूप कसं करतात ते मला ठाऊक नव्हतं. मी कांद्याची पात चिरते तशी ती वरवर धुऊन चिरली, लसूण घातली, पीठ पेरून भाजी केली. वास खोलीत गेला असावा.

"काय शिजवतेस?" आतून आवाज आला. कितीतरी दिवसांनी ह्यांनी आपणहून काही विचारलं होतं.

मी ताट आणि उरलेली एक जुडी दोन्ही घेऊन गेले. ह्यांनी जुडी हातात घेतली, हुंगली आणि बराच वेळ बघत राहिले. सासरे गावात तोरा, आमचा धर्मग्रंथ, वाचून मराठीत अर्थ सांगायचे. मिसर, म्हणजे इजिप्त, सोडून सिनायच्या वाळवंटात चाळीस वर्षं भटकताना आपली माणसं आकाशातून रोज पडणाऱ्या मान्नाला कंटाळून मिसरातल्या काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडली, ती गोष्ट आली की त्यांत आणखी एका भाजीचं नाव यायचं. ती कशी असते, असं पोरांनी विचारलं की सासरे म्हणायचे, "कांद्याचा थोरला भाऊ. आपल्याकडे होत नाही."

"अगं, ही तीच!" हे म्हणाले आणि उठून बसले. एक घास घेतला. कर्रकन आवाज झाला. त्या भाजीच्या पदरापदरांत माती असते, ती उभी चिरून धुवावी लागते, हे मला काय माहीत! मी लाजेने अर्धी झाले.

"अहो, थुंका, थुंका ते!"

"भाजी मिसरची आणि वाळू सिनायची!" ह्यांना हसू फुटलं. "चाळीस वर्षांची पायपीट एका घासात घडवलीस की मला!" खोकत, हसत, डोळे पुसत म्हणाले, "जा, दुसरी नीट धुऊन आण. भूक लागलीय."

ह्यांनी त्या दिवशी दीड भाकरी खाल्ली. मी पाठ करून उभी राहिले, माझे डोळे दिसू नयेत म्हणून.

पुढच्या शुक्रवारी पेला ह्यांनी स्वतः उचलला. अंगात हळूहळू ताकद आली, डॉक्टरांनी जाऊ दिलं. निघण्याआधी मलिदा केला आणि पहिली वाटी खाली घेऊन गेले. म्हातारीने दारातच चाखून पाहिला, मान डोलावली आणि मी परत फिरताना त्या भाजीचं बी कागदात बांधून दिलं. ती कोण होती, ह्याचा मी खल करत नाही. आमची शेजारीण होती, आणि वेळेवर आली.

ते बी मी आमच्या परसात पेरलं. उगवलं नाही. मला फार हळहळ वाटली. हे म्हणाले, "मान्ना उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. ज्या दिवसाचा त्या दिवसाला."

त्या वाफ्यात आता मी कोथिंबीर लावते. मान्ना दिसायला धण्यासारखा होता, असं सासरे सांगायचे. पेरण्याआधी धणे तळहातावर रगडताना मी देवाकडे नवं काही मागत नाही. आजचं दिलंस, एवढंच म्हणते, आणि ह्यांना जेवायला हाक मारते.