मामांच्या शिग्रामातली पाठमोरी सून

माझ्या मामेसासऱ्यांच्या हाती गेलेली कुठलीही वस्तू पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही, आणि ती बिघडली असं त्यांनी जन्मात कधी कबूल केलं नाही. ती ‘सुधारली’ असायची. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी सुधारलं, तेव्हापासून ते तास तेवढे सांगे, मिनिटांचं नाव काढत नसे. मामा म्हणत, मिनिटं बघत बसणारा माणूस जन्मभर कारकूनच राहतो. स्वतः ते माझगावच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होते, पण ती गोष्ट वेगळी. छत्री सुधारली, ती उघडली ती पुन्हा मिटेना. शेवटी सासूबाईंनी ती उलटी टांगून तिच्यात कांदे ठेवले, तर मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “कांद्यांना वारा लागावा म्हणून मुद्दाम तशी केली आहे.”

पण त्यांचा खरा जीव होता शिग्रामात. शिग्राम म्हणजे काय ते आता कुणाला ठाऊक नसेल. चार चाकांवर ठेवलेलं लाकडी कपाट समजा. आत माणसं, पुढे उंचावर हाकणारा, त्याच्या पुढे घोडा. कुठल्याशा साहेबानं मोडीत काढलेला हा शिग्राम मामांनी घरी आणला होता. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं; मामा आमच्याकडे, म्हणजे आपल्या बहिणीकडे, गिरगावात राहत आणि शिग्राम वाडीच्या तोंडाशी राही. मी तेरा वर्षांची होऊन सासरी आले तेव्हा पहिला महिनाभर माझी समजूत होती की शिग्राम हे घरातलं कुणी आजारी माणूस आहे. रोज सकाळी सासूबाई विचारत, “आज कसं काय?” आणि मामा सांगत, “डावीकडून कण्हतोय जरा. एरंडेल दिलंय, बघू.” मला फार वाईट वाटे. एकदा धीर करून मी सासूबाईंना विचारलं, “त्यांच्यासाठी मऊ भात टाकू का?” सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की सोयरीक जुळवणाऱ्याचं त्या दिवशी काही खरं नव्हतं. पण माझं तरी काय चुकलं? पोरांना द्यायचं एरंडेल आणि गाडीच्या आसाला लावायचं एरंडेल एकाच बुधल्यातून निघत असे, आणि बुधला मामांच्या खोलीत असे.

एरंडेलाचं एक सोडा, त्या घरात एखादी वस्तू सापडली नाही तर आधी गाडीखाली वाकून बघायचं अशी रीत होती. एकदा पुरणपोळीच्या दिवशी लाटणं मिळेना. सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, “दादा, लाटणं?” बाहेरून शांतपणे उत्तर आलं, “डाव्या चाकात आहे. संध्याकाळपर्यंत लागणार आहे मला.” चाक आसावरून निसटू नये म्हणून लोखंडी खीळ असते, ती मामांनी ‘जड पडते’ म्हणून काढून टाकली होती. त्या दिवशी पोळ्या आम्ही तांब्यानं लाटल्या. रवीचा दांडा गेला तो ब्रेक म्हणून गेला. त्या ब्रेकानं गाडी थांबत नसे, पण ताक घुसळल्यासारखा आवाज येई आणि रस्त्यातली माणसं आपोआप बाजूला होत.

मग त्यांच्या डोक्यात ट्रामचे रूळ आले. रुळांवरून चाक कसं लोण्यावरून सुरी जावी तसं जातं, मग आपण खडी का तुडवावी? त्यांनी दोन्ही आस कापून चाकं बरोबर रुळांच्या मापात आणली. काळबादेवीला गाडी रुळांत उतरली आणि खरोखरच गुळगुळीत चालू लागली. फक्त ती पुन्हा बाहेर निघेना. आम्हांला जायचं होतं देवळात. मागून घोड्यांची ट्राम आली, घंटा वाजू लागली, ट्रामवाला ओरडू लागला. मामा मागे वळून अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “तुम्हांला घाई असेल तर बाजूनं जा की.” ट्रामवाला घंटा वाजवतच राहिला. दोन्ही गाड्या मागोमाग पायधुणीपर्यंत गेल्या. देव तसाच राहिला.

आता सगळ्यात मोठ्या सुधारणेकडे येते, कारण तिच्यात माझा हात होता. हात म्हणजे पाठ होती. शिग्रामाला दारं दोन्ही बाजूंना असतात. मामांनी ती फळ्या ठोकून बंद केली आणि मागची सबंध बाजू कापून तिथे पेटीला असतं तसं वर उघडणारं झाकण बसवलं. झाकण उचलायचं, काठीचा टेकू द्यायचा, आणि माणूस, सामान, घोड्याचं गवत, काय हवं ते मागून आत सारायचं. दुसरं म्हणजे, आमच्या वेळी सुनेनं वडीलधाऱ्यांच्या समोर तोंड करून बसायचं नसे, त्यांच्याशी बोलायचं नसे, आणि नाव तर घ्यायचंच नसे. मामांनी यावरही तोड काढली. आत मागे तोंड करून बसायचं एक बाक केलं आणि सासूबाईंना सांगितलं, “सूनबाईला सांग, तिची अडचण दूर झाली.” त्यामुळे मी त्या गाडीतून कुठे चालले आहे ते कधी पाहिलंच नाही. झाकणाच्या झिलमिलीच्या फटींतून मी कुठून आले तेवढं दिसे.

मामा हाकताना पुढून सारखे बोलत. आस, धक्के झेलणाऱ्या कमानी, वंगण. बाकी सगळी माणसं गाडीत बसल्या बसल्या “दादा, पुरे” किंवा “मामा, समोर बघा” म्हणत. मी सून, मी गप्प. या गप्पपणाचा मामांनी लावलेला अर्थ मला फार उशिरा कळला. त्यांना वाटे, घरात एकटी ही पोरगी आहे जिला यातलं कळतं.

अशात परळला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मुहूर्त गोरज. नवरीच्या मागे पाण्याचा करा आणि त्यावर नारळ घेऊन करवली उभी राहते. बहिणीनं निरोप धाडला होता की ताई करा धरायला नसेल तर मी बोहल्यावर चढायची नाही. ती अकरा वर्षांची होती, पण बोललेलं करून दाखवणारी होती. आईनं वेगळा निरोप पाठवला: काही कर, पण ये. आमचे हे नोकरीनिमित्त पुण्याला, सासूबाईंचा पाय मुरगळलेला. सासूबाई म्हणाल्या, “आदल्या दिवशी जाऊन काय करणार आहेस? लग्नाच्या दुपारी जा. दादा सोडील गाडीनं.” मला त्या गाडीनं जायचं नव्हतं, पण सुनेला कोण विचारतो.

दुपारी आम्ही निघालो. मी शालू नेसून पाठमोरी, माझ्यापुढे गवताचा भारा, त्यापुढे झाकण. झाकणाची कडी मामांनी त्या दिवशी सकाळीच एरंडेलात भिजवून काढली होती, लग्नाला जायचं म्हणून. मामांनी कमानींचा विषय काढला. ग्रँट रोड गेलं, भायखळा आलं, पुलाचा चढ लागला. गाडी मागे कलली, कडी सरकली, झाकण उघडलं, आधी भारा गेला आणि त्याच्यावर अलगद मी. चढ संपला तसं झाकण आपल्या वजनानं पुन्हा मिटलं. मामांच्या सगळ्या सुधारणांत बिनचूक चाललेली ही एकच.

मी गवतावर बसून शिग्राम जाताना पाहत होते. आत्ताच्या मुली विचारतील, ओरडली का नाहीस? अगं, पण काय म्हणून ओरडू? ‘मामा’ म्हणावं तर ते माझे मामा नव्हेत, यांचे. ‘अहो’ ही तर नवऱ्याला मारायची हाक. नाव घ्यायचं नाही. भर रस्त्यात, शालू नेसून, मी व्याकरणाचा विचार करत बसले होते. इतकं गाढव माणूस मी पुढे आरशातसुद्धा पाहिलं नाही.

तेवढ्यात एक कोळीण रिकामी पाटी डोक्यावर घेऊन समोर उभी राहिली. भायखळ्याच्या बाजारातून शिवडीला घरी निघाली होती.

“पडलीस का उतरलीस गो बाय?”

“पडले.”

“मंग हाक मार की.”

“सासरे आहेत ते.”

“सासऱ्याला कान नसतात काय? नाव सांग त्याचा, मी मारतंय हाक.”

नाव कसं सांगणार? मी म्हटलं, “डोंगर उचलला होता, ते.”

तिनं दूर जाणाऱ्या मामांच्या पाठीकडे नीट पाहिलं. “त्या म्हाताऱ्यानं?”

“त्यांनी नाही. देवानं. त्या देवाचं नाव आहे.”

“मंग असा सांग ना.” तिनं गालाला हात लावला आणि तीन गल्ल्यांपलीकडे पापलेट विकणाऱ्या आवाजात हाक दिली, “ए हनुमंता, थांब रं बाबा, तुजी सून सांडली.”

शिग्राम थांबला नाही. थांबला तो एक हमाल, ज्याचं नाव खरंच हनुमंता होतं. तो डोक्यावरचं पोतं उतरवून जवळ आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “माझं अजून लगीन नाय झालं, मावशे.” त्याची समजूत घालता घालता मी कोळणीला म्हणत होते, “हनुमान नव्हे, तो दुसरा डोंगर, करंगळीवरचा,” आणि ती मला म्हणत होती, “डोंगर ते डोंगर, नाव सांग ना.” आमचा उलगडा झाला तेव्हा रस्त्यावर घोड्याच्या लिदीशिवाय मामांची काही खूण उरली नव्हती.

“मुहूर्त कवाचा?” तिनं विचारलं.

“गोरज.”

तिनं उन्हाकडे पाहिलं, माझं मनगट धरलं आणि चालू लागली. मोठ्या रस्त्यानं नाही, घोडपदेवच्या गल्ल्यांतून. मी आयुष्यात तोवर वाडीच्या बाहेर पायी दहा पावलं गेले नव्हते. गल्लीगल्लीत माणसं विचारत, “कुणाची गो ही?” आणि ती चालता चालता सांगे, “सांडलेली हाय, पोचवतंय.” लालबागच्या पुढे मला वाजंत्री ऐकू आली आणि मी तिचा हात सोडून पळत सुटले. तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

इकडे मामा परळला वेळेवर पोचले होते. आई भाकरतुकडा घेऊन मांडवाच्या दाराशी उभी. मामांनी ऐटीत झाकण उचललं, टेकू दिला. आत बाक. मामांनी वाकून पाहिलं, मग बाकाखाली पाहिलं.

“गिरगावात बसली होती,” ते आईला म्हणाले. “मी रस्ताभर तिच्याशी बोलत होतो.”

“आणि ती?”

“ती ऐकत होती.”

मग त्यांचा चेहरा उतरला. गाडी वळवून ते मोठ्या रस्त्यानं परत फिरले, आणि आम्ही गल्ल्यांतून येत होतो, त्यामुळे चुकामूक झाली. मी पोचले तेव्हा नवरी बोहल्याखाली फतकल मारून बसली होती आणि भटजी सूर्याकडे बघून घाम पुसत होते. आईनं मला आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरलं. बहीण म्हणाली, “ताई, तुला मासळीचा वास येतोय.” मी म्हटलं, “चल, ऊठ.” मी करा धरला. केसांत गवत होतं, नारळ डुगडुगत होता. पण अक्षता पडल्या तेव्हा मी तिच्या मागे उभी होते.

मामा आले ते पंगती उठत असताना. बरोबर एक हवालदार होता. घोडा हातात धरून मामा चालत आले होते. मला शोधायला जातानाही चालतच गेले होते, दोन्ही बाजूंची गटारं बघत. हवालदार मला पाहून कपाळाला हात लावून म्हणाला, “बाई, काय सांगू. मी विचारलं, दिसायला कशी? तर म्हणे ठाऊक नाही, पदर असतो. उंची? म्हणे बसलेली असते. मग ओळखायची कशी? तर म्हणे, तिला गाडीतलं फार कळतं. एवढ्यावर मी मुंबईत कुणाला हुडकू?”

मंडळी हसली. मामा हसले नाहीत. मांडवाच्या कडेला पाटावर बसले, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. मी पान वाढून आणलं. एरवी ते म्हणाले असते, सूनबाईला सांगा, मीठ राहिलं. पण त्या वेळी सांगायला मध्ये कुणी नव्हतं. पानाकडे बघतच त्यांनी मला विचारलं, “कमानींचं कुठपर्यंत ऐकलंस?”

मी पदराआडून म्हटलं, “भायखळ्यापर्यंत.”

मामांशी मी बोललेला हा पहिला शब्द, आणि तोही खोटा. ग्रँट रोडच्या पुढचं मी काहीच ऐकलं नव्हतं. करा धरताना नारळ पडला तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“हं. म्हणजे मागच्या कमानीपाशी होतो आपण,” मामा म्हणाले, आणि वरणभात कालवता कालवता त्यांनी तिथून पुढे सांगायला घेतलं. वाढपी दोनदा येऊन गेला. मी उभीच होते.

त्यानंतर मामा बरीच वर्षं होते. एवढ्या वर्षांत त्यांनी मला त्या शिग्रामाबद्दल जे होतं ते सगळं सांगितलं, काही गोष्टी तर तीन-तीनदा. मी अधूनमधून “मग?” म्हणत असे. कमान म्हणजे नेमकी कुठली ते आजही कुणी विचारलं तर मला दाखवता येणार नाही. मामांना मात्र हे शेवटपर्यंत कळू दिलं नाही.