तांबड्या धाग्याचा दोर

आमच्या सरकारी नाट्यगृहात दोन मामा होते, सख्खे भाऊ. थोरले रंगमंचाच्या डोक्यावरच्या लाकडी सज्जात उभे राहून पडद्यांचे दोर ओढायचे, म्हणून ते वरचे मामा. धाकटे खाली पडदे बांधायचे, फळ्या ठोकायचे, म्हणून ते खालचे मामा. मी तिथे उभी हयात राण्या, विधवा आणि खाष्ट सासवा रंगवल्या. टाळ्या मला मिळाल्या, पण डोळ्यांदेखत महाल उचलून त्या जागी जंगल आणलं ते या दोघांनी. वरचे मामा दोर असा अलगद सोडायचे की पडदा जमिनीला टेकल्याचं कळत नसे. "बाई, तुम्ही आत्ताच मेलात," ते म्हणायचे. "पडद्यानं धपकन पडून तुमच्यावर कडी करायची नाही."

त्यांचा सगळा जीव दोरात. तोही एकाच कारखान्याच्या दोरात, ज्याच्या पिळात एक तांबडा धागा असे. त्यांच्या वडिलांनीही तोच ओढला होता. "हा हाताशी बोलतो," ते म्हणत. बाकीचे दोर त्यांच्या लेखी गुरं बांधायचे.

जंगलाच्या पडद्याचा दोर झिजला तेव्हा त्यांनी तक्रार केली. खरेदी विभागात एक नव्या साहेबीण आल्या होत्या, कामसू आणि सरळ. त्या म्हणाल्या, "मामा, वापरणार तुम्ही. दोर कसा हवा ते तुम्हीच सांगा, मी तसंच टेंडरमध्ये घालते." कचेरीनं मामांना खुर्ची देऊन काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मामांनी भरभरून सांगितलं. जाडी, पदर, पीळ, आणि सगळ्यात शेवटी तांबडा धागा. साहेबिणीनं शब्दन् शब्द उतरवून घेतला. त्या दिवशी मामा सज्जात गुणगुणत होते.

जाहिरात निघाली, तीन आठवड्यांची मुदत पडली आणि एकच पाकीट आलं, त्या कारखान्याचं. नियम असा, की पहिल्या खेपेला एकटं पाकीट उघडायचं नाही. शर्यतीत एकच घोडा असेल तर तो जिंकला असं म्हणायचं तरी कसं? पुन्हा जाहिरात, पुन्हा मुदत. दुसऱ्या खेपेला त्या पाकिटाबरोबर एका व्यापाऱ्याची हरकत आली. हे वर्णन एकाच कारखान्याच्या मापानं बेतलंय, म्हणाला. खोटं कुठे बोलत होता? टेंडर रद्द झालं.

साहेबीण स्वतः रंगमंचावर आल्या. मी तेव्हा नव्या मुलींना संवाद शिकवायला जात असे, म्हणून समोरच होते.

"मामा, तांबडा धागा काढू या," त्या म्हणाल्या. "'किंवा त्या तोडीचा दोर' एवढे शब्द घालते. वापरणाऱ्याची सही लागते, ती तुम्ही करा. हा बघा, त्या व्यापाऱ्यानं नमुना दिलाय."

पिशवीत हातभर पांढरा दोर होता. मामांनी आत डोकावलंसुद्धा नाही.

"तुमच्या आईच्या तोडीची आई आणून दिली तर चालेल?"

खालचे मामा हसले. मीही हसले, वाक्य टाळीचंच होतं. साहेबीण हसल्या नाहीत.

"आणि तोवर जुना तुटला तर?"

"माझ्या हातातला दोर मला न सांगता तुटायचा नाही."

"दादा, कर की सही," खालचे मामा म्हणाले. "पडदा ओढायचाय, दोराशी सोयरीक नाही करायची."

"तू खिळे ठोक."

सही झाली नाही. नमुना आला तसा परत गेला. जड पडदे वापरू नका, असं साहेबिणीनं लेखी कळवलं. मामांनी महाल उतरवून ठेवला, जंगल मात्र तसंच ठेवलं. ते हलकं आहे, म्हणाले. रोज सकाळी ते दोर बोटांनी चाचपत, गालाला लावून बघत.

एका तालमीच्या आधी जंगल वर जात होतं. खालचे मामा गुडघ्यांवर बसून एक निखळलेली फळी ठोकत होते. वरून हाक आली, "बाजूलाऽऽ!" त्या आवाजानं माझ्या हातातला चष्मा पडला. खालच्या मामांनी मान वर केली, उठायला मात्र वेळ मिळाला नाही. पडद्याचा लोखंडी पाईप पाठीवर आला.

ते वाचले. कमरेखालचं अंग गेलं.

इस्पितळाच्या जिन्यात साहेबिणीनं सहीचा कागद पुढे केला. मामांनी सही केली. तिसऱ्या खेपेला पाकिटं भरपूर आली. ती उघडली, ताडून पाहिली, हरकतींसाठी ठरलेले दिवस वाट पाहिली, आणि दोर आला, त्याच व्यापाऱ्याचा, तोच पांढरा. माल ताब्यात घेण्याआधी वापरणाऱ्यानं पारखायचा असतो. मामा एकटे सज्जात चढले आणि दुपारभर वजन लावून ओढत राहिले. खाली येऊन त्यांनी 'पास' लिहिलं.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीखाली खाट. खाटेवर खालचे मामा जागेच होते. त्यांची बायको धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती.

"भाऊजी, आला म्हणे दोर."

"आला."

"कसा आहे?"

मामा माझ्याकडे बघू लागले. वाक्य विसरलेल्या किती नटांना मी हळूच शब्द पुरवलाय. तेव्हा मी चष्मा काढून पुसत राहिले.

"वाईटच असेल ना?" ती म्हणाली. चादर तिनं छातीशी धरली होती. "त्याशिवाय तुम्ही एवढे अडून बसला नसता. सांगा ना, भाऊजी. वाईट आहे ना?"

तिला 'हो' एवढंच हवं होतं. नवऱ्याचे पाय कशापायी गेले, याला काहीतरी कारण हवं होतं. आणि मामांनी 'हो' म्हटलं असतं तर त्या घरात कोण पडताळायला जाणार होतं?

"चांगला आहे," मामा म्हणाले. "हाताला नीट लागतो. तेव्हाच हातात घेतला असता तर कळलं असतं."

मग खाटेवरून आवाज आला, "दादा, बस. चहा घे."

त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. दर थोड्या वेळानं वळवलं नाही तर पाठ चिघळते. रोज संध्याकाळी पाय थोरले धरत आणि खांदे ती. मामा सवयीनं उठले.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "मी करते."

तिनं गुडघा खाटेला टेकवला, दोन्ही हात नवऱ्याच्या अंगाखाली घातले आणि ओठ आवळून त्यांना एकटीनं वळवू लागली. एकदा जमलं नाही. पुन्हा जोर लावला. मामा पायथ्याशी हात पुढे करून उभे होते आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती.